गोदूबाईंचं रडणं माझ्यापाशी

मी एक तैलचित्र आहे. नागपुरात, कोष्ट्यांच्या वस्तीत, भाड्याच्या एका खोलीत मी टांगलेलं आहे. माझ्यात एक बाई बसली आहे. तिचं नाव गोदूबाई.

माझा जन्म बहात्तर सालचा. त्या उन्हाळ्यात गोदूबाईंचा नवरा तापाने गेला. तेरावं आटोपलं आणि त्या स्वतः त्याच्या हातमागावर बसल्या. पदरात दोन लेकरं. रडायला सवड कुठली? गल्लीत कुणी त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नाही.

शेजारी, याच खोलीत, प्रेमलताबाई राहायच्या. शाळेत चित्रकला शिकवायच्या, घरी एकट्याच. एका रविवारी त्यांनी गोदूबाईंना समोर बसवलं. म्हणाल्या, "मावशी, थोडं हसा."

गोदूबाई हसायला गेल्या अन् ओठच थरथरले. डोळे भरले. त्यांनी झटकन पदर तोंडावर ओढला.

"पुसू नका," प्रेमलताबाई हळूच म्हणाल्या.

"काहून? माह्यं रडणं साऱ्या जगाले दाखवतं का वं?"

प्रेमलताबाईंनी ब्रश खाली ठेवला. "नको म्हणत असाल तर नाही काढत."

मग पदर खाली आला.

"काढ. पण मान खाली गेलेली दाखवू नको."

म्हणून मी असं आहे. गाल ओले, मान ताठ.

प्रदर्शनात माझ्यासमोर फारसं कुणी थांबलं नाही. एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "अशी रडकी बाई घरात कोण लावते?" मी परत आलं.

प्रेमलताबाईंनी मला गोदूबाईंना देऊ केलं. त्या कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"घरी नको. मी रडली का पोरं भेदरतात. इथंच राहू दे तिले. येत जाईन मी."

आणि त्या येत. माझ्यासमोर बसून मनसोक्त रडत, तोंड धूत आणि मागावर परत जात. तेवढा वेळ प्रेमलताबाई बाहेर ओट्यावर बसून राहत.

पुढे थोरल्या मुलाला हिंगण्याच्या कारखान्यात काम लागलं. माग मोडला, बिऱ्हाड हुडकेश्वरला गेलं. निघताना गोदूबाई आल्या, बसल्या आणि न रडता उठल्या.

"आता बरी हाय वं मी," म्हणाल्या. प्रेमलताबाईंना की मला, कळलं नाही.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. यावं असंही मला वाटत नाही. तरी दार वाजलं की वाटतंच.

प्रेमलताबाई आता निवृत्त आहेत. संध्याकाळी दिवा न लावता माझ्यासमोर बसतात. त्यांचं चित्र कुणी काढलेलं नाही.

इकडे कधी आलात, तर मला पाहायला येऊ नका. त्यांच्याजवळ घटकाभर बसा.