घुबडाला मारलेला दगड

आमच्या गल्लीत बारा घरं आहेत. अकरा घरांवर लोकांनी पत्रे टाकलेत. पत्रा तापला की कबुतराचे पाय भाजतात, म्हणून अकरा घरांची कबुतरं माझ्या छतावर बसतात. माझा स्लॅब उघडा आहे. उघडा आहे कारण मी कुरडया करते आणि कुरडईला ऊन लागतं.

ज्यांनी नुसत्या खाल्ल्यात त्यांच्यासाठी सांगते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, पिळून चीक काढायचा, तो शिजवायचा आणि हात भाजत असताना सोऱ्यातून साडीवर पाडायचा. चैत्र-वैशाखात एवढंच करायचं आणि बाकीचे दहा महिने त्यावर जगायचं. नवरा गेल्यापासून मी तशीच जगते. माझी मुलगी भार्गवी कराडला इंजिनिअरिंग करते, ती याच कुरडयांवर.

कबूतर कुरडई खात नाही. खाल्ली असती तर मी समजून घेतलं असतं, भूक सगळ्यांना असते. ते टाकीच्या पाइपावर बसतं, खाली पसरलेली पांढरीशुभ्र साडी बघतं आणि करतं. गेल्या वर्षी पुण्याच्या एका बाईनं मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "काकू, ही मसाला कुरडई आहे का?"

एवढंच असतं तरी मी रेटून नेलं असतं. पण ही कबुतरं नारायण भावजींच्या उपयोगाची होती.

नारायण भावजी म्हणजे माझे दीर. सांगलीला हायस्कुलात विज्ञान शिकवतात. दर फेब्रुवारीत विज्ञान दिनाला अंधश्रद्धेवर भाषण करतात, नारळातून धूर काढून दाखवतात, शाल घेऊन घरी येतात. विश्रामबागेत त्यांचा फ्लॅट आहे. माधवनगरचं हे घर दोघा भावांनी मिळून बांधलं, त्यामुळे कागदावर निम्मं त्यांचं. त्यांना ते बिल्डरला द्यायचं होतं. माझ्या सहीशिवाय देता येत नव्हतं, म्हणून ते दर रविवारी येऊन गच्चीवर उभे राहायचे आणि कबुतरांच्या घाणीकडं बोट दाखवायचे.

"वहिनी, भावना बाजूला ठेवा. शास्त्रीय दृष्टीनं बघा. या विष्ठेत आम्ल असतं. ते स्लॅब खातं."

"वीस वर्षं खातंय. अजून पोट भरलं नाही का त्याचं?"

"फुप्फुसाचे रोग होतात यानं. भार्गवीच्या तब्येतीचा तरी विचार करा."

"भार्गवी कराडला आहे."

"हे घर आता राहण्यासारखं राहिलं नाही, एवढंच म्हणतोय मी. चार मजले होतील. तुम्हाला मागच्या बाजूला एक फ्लॅट मिळेल. फरशी गुळगुळीत."

"आणि गच्ची?"

"गच्ची सोसायटीची असते वहिनी. कॉमन."

"मग मी कुरडया कुठं घालू?"

"कुरडया बाजारात मिळतात की," ते म्हणाले.

त्या बाजारात त्या मीच देते, हे त्यांना माहीत होतं. तरी म्हणाले. मला राग आला. त्यांनी मुदत घातली आणि मी रागाच्या भरात ती मान्य केली. अक्षय तृतीयेपर्यंत कबुतरं घालवून दाखवली तर ते विषय कायमचा सोडणार. नाही घालवली तर मी सही करणार. हा माझा गाढवपणा. दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

हातात तीन आठवडे होते.

आधी जुन्या सीड्या दोऱ्यांना बांधून लटकवल्या. माझ्या लग्नाच्या कॅसेटवरून काढलेली सीडीही त्यात होती. कबुतरं दोन दिवस लांब राहिली, तिसऱ्या दिवशी त्यात तोंड बघू लागली. मग कठड्यावर तिखट टाकलं. वारा सुटला आणि तिखट समोरच्या धोंडुबाईच्या डोळ्यांत गेलं. धोंडुबाईचं वय ऐंशीच्या पुढं. शिव्यांमधून तेवढं वय कळत नाही.

मग शेजारच्या मेहरुनबीनं नवऱ्याला कामाला लावलं. मेहरुनबी माझ्याबरोबर सोऱ्या दाबायला असते आणि तिचा महंमद वेल्डिंग करतो. त्यानं लोखंडी पट्टीला खिळे जोडून कठड्यावर बसवले, टोकं वर. कबुतराला बसताच येणार नाही असं काम होतं. कबुतरांनी खिळ्यांमध्ये काटक्या अडकवल्या. वाऱ्यानं हलत नाहीत म्हटल्यावर त्यावर घरटं केलं. आठवड्यात दोन अंडी.

महंमद वर येऊन बघून गेला. "भाभी," तो म्हणाला, "पाया मजबूत झालाय त्यांचा."

मेहरुनबी हसून हसून साडीवर बसली. बारा कुरडया मोडल्या.

मी फोनवर रडले तेव्हा भार्गवी म्हणाली, "आई, थांब, मी ऑनलाइन बघते." चार दिवसांनी कुरिअरवाला खोकं देऊन गेला. आत प्लास्टिकचं घुबड. दीड फूट उंच, पिवळे डोळे, डोक्यावर सोलरची टिकली. ऊन पडलं की मान गर्रकन फिरते. परदेशात म्हणे सगळे हेच बसवतात. मी ते टाकीवर तारेनं बांधलं.

पहिल्या दिवशी एकही कबूतर आलं नाही. मी देवापुढं साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी पाच-सहा आली आणि लांबून बघत बसली. तिसऱ्या दिवशी एक कबूतर घुबडाच्या डोक्यावर बसलं. घुबडाची मान फिरली तसं तेही फिरलं. त्याला ते आवडलं असावं. संध्याकाळपर्यंत नंबर लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घुबड उतरवायला शिडी घेतली, एवढ्यात खालून धोंडुबाईची आरोळी आली.

"शाले! अगं ए शाले! तुज्या घरावर घुबाड बसलंय!"

"प्लास्टिकचं आहे मावशी. मीच बसवलंय."

यावर ती दारातून रस्त्याच्या मध्यापर्यंत आली. मग म्हणाली, "तूच बसिवलंस? घुबाड घरावर आपून हून बसलं तर मानूस घराची शांत करतंय, घर सोडतंय. आन तू तार लावून बांधलंस?"

"खोटं आहे हो ते."

"मग तर लयच वाईट. जित्तं घुबाड कवातरी मरतंय तरी. ह्ये कवा मरायचं?"

मी साडीशेजारी बसलेल्या मेहरुनबीकडं पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडं बघू नको. आमच्यातबी चांगलं मानत न्हाईत." आणि ती पदर सावरून घुबडाकडं पाठ करून बसली. सोऱ्या मात्र दाबत राहिली.

गल्लीनं माझ्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या. दूधवाला किटली कोपऱ्यावर ठेवून हाक मारू लागला. अक्षय तृतीया दोन दिवसांवर होती. गल्ली भ्यालीय म्हणून मी घुबड उतरवणार नव्हते. ते उतरवायचं ठरवलं होतं मी, पण माझ्या कारणानं. यांच्या कारणानं नाही. शिडी परत ठेवली.

अक्षय तृतीयेला नारायण भावजी बिल्डरच्याच गाडीतून आले. काखेत कागदांची फाइल. बिल्डरच्या हातात सहा अंगठ्या, आरशाला लिंबू-मिरची. मी गच्चीवर होते, कबुतरंही होती. भावजींनी खालूनच ती मोजायला सुरुवात केली. चेहरा खुलला होता.

बिल्डरनं काच खाली केली, वर पाहिलं आणि काच वर केली.

"उतरा की साहेब," भावजी म्हणाले. "कबुतरं आहेत तशीच आहेत. वहिनी सही करतायत आज."

काच चार बोटं खाली आली. "मास्तर, ते टाकीवर काय हाय?"

"ते होय? प्लास्टिकचं आहे."

"प्लास्टिकचं का हाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी सांगितल्याबिगर मानूस असलं ठेवत न्हाई. काय असंल या जागेत, म्हणून ठेवायला लावलं असंल. मला पाया खोदायचाय हितं. माझी पोरं लहान हायत."

"अहो, विज्ञानाच्या युगात तुम्ही…"

"युग तुमचं. खर्च माझा हाय." काच बंद झाली. गाडी मागं मागं कोपऱ्यापर्यंत गेली. वळवायलासुद्धा तो घरासमोर थांबला नाही.

भावजी रस्त्यात एकटे उभे राहिले. नळाची पाइपलाइन टाकताना रस्ता उकरलेला, खडी तशीच पडलेली. त्यांनी एक दगड उचलला. "तुझ्या तर…" म्हणाले, आणि टाकीकडं भिरकावला. मास्तरांचा हात सरळ होता. दगड टाकीवर ठप्पकन आपटला, कबुतरं उडाली. ढगाआडून ऊन आलं आणि घुबडाची मान गर्रकन फिरून नेमकी त्यांच्यावर येऊन थांबली.

समोरच्या दारातून धोंडुबाईनं कपाळावर हात मारला.

"मास्तर, काय केलंस रं ह्ये! घुबडाला दगूड मारत्यात व्हय? त्यो दगूड ते न्हेतंय, नदीत ठिवून घासतंय. दगूड झिजंल तसा मारणारा झिजतोय. माज्या चुलत्यानं मारला हुता. हाडं राहिली हुती निस्ती."

"मावशी, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे," भावजी म्हणाले. आवाज चांगला होता, भाषणातला. पण जाताना त्यांनी तीन वेळा मागं वळून पाहिलं. कबुतरं परत आली होती. विषय ना सुटला ना तुटला. मी त्या रात्री जेवले नाही.

बुधवारी जाऊबाईंचा फोन आला. "वहिनी, हे रोज वजनकाट्यावर उभे राहतात हो. शाळेतला काटा घरी आणलाय."

"काय दाखवतो?"

"सव्वा किलो कमी. जेवतच नाहीत तर दुसरं काय दाखवेल?"

रविवारी भावजी आले, एकटे. शर्ट पँटमध्ये खोचला होता आणि पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं होतं. मी आणि मेहरुनबी साडीच्या कडेला बसलो होतो.

"वहिनी," ते म्हणाले. "त्या दिवशीचा तो दगड. कुठं पडला?"

"कशाला पाहिजे?"

"तसं काही नाही. गच्चीवर दगड पडून राहू नयेत. स्लॅबला इजा होते."

मेहरुनबीनं वर न बघता विचारलं, "मास्तर, तब्येत उतरली वाटतं?"

"उतरली?" त्यांचा हात पट्ट्याकडं गेला. "दिसते का?"

"गळ्याजवळ दिसतेय."

मी गच्चीभर नजर फिरवली. साडी उडू नये म्हणून मी कडेनं दगड ठेवते, त्याच रस्त्यावरची खडी. नऊ होते. त्यांचा त्यात होता की नव्हता, मला खरंच माहीत नव्हतं. पण हे सांगायची मला काही घाई नव्हती.

"दगड इथंच असेल भावजी. गच्चीवरून दगड कुठं जातोय? आधी ती फाइल द्या."

"वहिनी, हा अन्याय आहे. कबुतरं गेलेली नाहीत. शब्द तुम्ही दिला होता."

"हो, दिला होता. मग करते सही. घर घ्या, दगड राहू दे. मी रोज देवाला चंदन उगाळते. सहाणेशेजारी ठेवीन जपून."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग घुबडाकडं. घुबडावर कबूतर होतं. दोघंही त्यांच्याकडं बघत होती.

फाइल दिली त्यांनी. मी एवढ्यावर सोडलं नाही. तिच्यातल्याच एका कागदाच्या पाठीवर लिहून घेतलं, की वहिनींची इच्छा असेपर्यंत हे घर विकायचा विषय मी काढणार नाही. मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं. खाली तारीख, सही. साक्षीदार म्हणून मेहरुनबीनं पिठाच्या हातानं सही केली. कोर्टात हे किती टिकेल मला माहीत नाही. नारायण भावजींपुढं टिकेल.

"आता ओळखा तुमचा," मी म्हणाले.

ते गुडघ्यांवर बसले. एकेक दगड उचलून, फिरवून, उन्हात धरून पाहिला. एक बाजूला काढला, परत ठेवला. दोन दगड तळहातांवर घेऊन तोलले. नऊच्या नऊ काळे, नऊच्या नऊ खडीचे. अर्ध्या तासानं ते उठले आणि म्हणाले, "पिशवी आहे का?"

कुणाच्या तरी लग्नात मिळालेली पिशवी मी त्यांना दिली. नऊ दगड घेऊन विज्ञानाचे मास्तर जिना उतरले, एकेक पायरी, भिंतीला धरून. पिशवी स्कूटरवर पायांत ठेवून गेले. जाऊबाई सांगतात की कपाटात ठेवलेत, कुलूप लावून, विज्ञान प्रदर्शनाच्या ढालीशेजारी. वजन परत भरलं म्हणे.

ते गेल्यावर वारा सुटला आणि साडी उडायला लागली. मेहरुनबीनं पाण्याच्या बाटल्या भरून कडेला ठेवल्या आणि वरून एक जुनी पातळ व्हॉइलची साडी ताणून बांधली. ऊन खाली जातं, घाण वर राहते. एवढं सोपं होतं.

"हे आधी का नाही सुचलं गं तुला?"

"तू इचारलंस कुठं? तू कबुतरं घालवायचं इचारत हुतीस."

भार्गवीचा फोन आला. "आई, कबुतरं गेली का? नाहीतर ते घुबड परत पाठवू. महिन्याभरात परत घेतात."

"नाही गेली," मी म्हणाले. "पण राहू दे."

चार दिवसांनी टाकी धुवायला शिडी लावून वर चढले, तर घुबडाच्या मागं, तारेच्या वेटोळ्यात एक काळा दगड अडकलेला दिसला. तिथं दगड ठेवायचं मला काहीच कारण नव्हतं. मी टाकी धुतली आणि खाली आले.

तो तिथंच आहे. झिजलेला नाही. कबुतरं रोज घुबडावर बसतात आणि पुढं तोंड करून बसली की घाण मागं त्या दगडावरच पडते. दर आठवड्याला थोडा वाढतो.