एक बाई दाखवा

बेबी डावीकडून पीत नाही, हे घरात पहिल्यांदा भिकुबाईच्या ध्यानात आलं. उजवीकडे लावली की चार महिन्यांची ती पोर गटागटा प्यायची. डावीकडे वळवली की तोंड फिरवून भोकाड पसरायची. शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. नणंद म्हणाली, वहिनीनं आंबट खाल्लं असेल. भिकुबाई दोघींवर डाफरली, "दूध आंबट व्हतं ते दोन्ही बाजूले व्हतं. पोर काय येडी शे?"

सून प्रमिला तशी कमीच बोलायची, आणि त्या घरात सासूनं दुसऱ्याला बोलायला जागाही ठेवली नव्हती.

तालुक्याच्या एका डॉक्टरनं पदर बाजूला न करताच सांगितलं, दुधाची गाठ आहे, शेका. भिकुबाई टेबलावर हात आपटून म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही देखं तरी का?" त्यावर त्यानं फक्त पुढच्या पेशंटला हाक मारली. मग मिठाच्या पुरचुंडीनं शेकणं झालं, हळदीचा लेप झाला, गोळ्या झाल्या. छाती लाल होत गेली, कातडी मोसंबीच्या सालीसारखी जाड झाली, पण गाठ काही बसेना. भिकुबाईनं मुलाला, अभिमनला, ऐन कापूस वेचणीत शेतातून उठवलं आणि सुनेला एस.टी.त घालून धुळ्याला भावाकडे नेलं. तिथल्या दवाखान्यात गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला. निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी अभिमनला व्हरांड्यात बोलावलं. प्रमिला आत बाकावर पोरीला घेऊन बसली होती. मधे एक दार होतं, आणि तेही उघडंच होतं.

"कॅन्सर आहे. वेगानं पसरणारा आहे. बाईंना लगेच सांगू नका, घाबरतील."

बाईचं दुखणं बाईला सोडून गावभर सांगायचं, ही आपल्याकडची जुनी माया. या मायेनं किती बायका मेल्या, ते कोणी मोजलेलं नाही. अभिमननं आईला सांगितलं. आईनं भावाला सांगितलं. भावानं घरी जाऊन बायकोला सांगितलं. प्रमिलाला सांगितलं की गाठ पिकलीय, जळगावला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरबाई येणार आहेत, त्यांना दाखवू.

त्र्याण्णव सालचा हिवाळा होता. डॉक्टरबाई महिन्यातून एकदा मुंबईहून यायच्या आणि एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत पेशंट बघायच्या. तिथली रांग भिकुबाईनं एकटीनं हलवली. कोणी मधे घुसलं तर तिचा आवाज रस्त्यावर ऐकू जात होता. अभिमन लाजून दूर उभा राहिला. आपल्या सुनेसाठी आपण जगाशी भांडतोय याचं भिकुबाईला त्या दिवशी समाधान होतं, आणि ते खोटं नव्हतं. ती नसती तर प्रमिला अजून घरी मिठानं शेकत बसली असती.

डॉक्टरबाईंनी सावकाश तपासलं. काखेत बोटं घालून पाहिलं, मग स्वतःच्या हातानं प्रमिलाचा पदर नीट केला. अभिमनला आत बोलावलं, पण खुर्ची ओढून बसल्या त्या प्रमिलासमोर.

"प्रमिलाबाई, तुम्हाला काय झालंय, माहिती आहे का?"

"गाठ शे," भिकुबाई म्हणाली. "पिकेल गाठ शे." आणि डॉक्टरबाईंना डोळ्यांनी खुणावलं. खूण कळेना म्हणून खोकली. मग आणखी जोरात खोकली.

"आजी, पाणी हवंय का?" डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पुन्हा प्रमिलाकडे वळल्या. "हा छातीचा कॅन्सर आहे. फार जोरात वाढणाऱ्या जातीचा आहे. तुमच्यापासून लपवून मला उपचार करता येणार नाहीत."

प्रमिलानं पोरीला थोडं वर घेतलं.

"इतके दिवस आम्ही आधी कापायचो आणि मग औषध द्यायचो," डॉक्टरबाई सांगत होत्या. "पण ही जात धावते. आपण कापेपर्यंत ती पुढं गेलेली असते. म्हणून आता मुंबईला दाखल करून आधी सलाईनमधून औषध देऊन पाहतोय. गाठ बसली, की मग ऑपरेशन, मग मशीनवर किरणांचा शेक. ही पद्धत नवीन आहे, आम्ही अजून अभ्यास करतोय. काहींची गाठ चांगली बसली, काहींची नाही बसली. तुमचं काय होईल, हे मी आज छातीठोकपणे सांगू शकत नाही."

त्यातलं भिकुबाईला एकच ऐकू आलं. लोखंड लागलं की गाठ चिडते आणि अंगभर धावते, हे तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. "म्हणजे पहिले लोखंड नही लावतस? मंग द्या. कवय देतस? आज देतस का?"

"द्या डॉक्टरबाई," अभिमनही म्हणाला. "अंगठा कुठं लागतो? मी सहीच करतो."

"ऑपरेशन टळणार नाही आजी, नंतर करावंच लागेल. आणि औषध सुरू झालं की अंगावरचं दूध बंद करावं लागेल, दुधातून ते बाळाला जाईल. तोवर उजवीकडून पाजलं तरी चालेल. पण मी प्रमिलाबाईंना विचारतेय."

"ती काय सांगस? तिना होकारच शे. मी सांगस ना!" भिकुबाई म्हणाली.

"आत्याबाई."

आवाज बारीक होता. पण खोलीत दुसरं कोणी एवढ्या हळू बोलत नव्हतं, म्हणून तो सगळ्यांना ऐकू आला.

"माले इचारं का कोनी?" प्रमिला म्हणाली. "दुखनं मन्हं शे, बठ्ठा दुसराच बोली ऱ्हायनात. धुळाले दार उघडं होतं आत्याबाई. माले अर्धं ऐकू उनं, अर्धं नही. अर्ध्यानी जास्त भ्याव वाटस."

भिकुबाई डॉक्टरांशी भांडली, रांगेशी भांडली, नजर काढणाऱ्यांशी भांडली. आणि ज्या पोरीसाठी भांडली तिला एवढ्या दिवसांत एकदाही, "वं पमे, तुले काय वाटस?" असं विचारलं नव्हतं. हरभऱ्याचं बी कोणतं घ्यायचं ते तिनं मुलाला चार वेळा विचारलं होतं.

प्रमिला डॉक्टरबाईंकडे वळली. "पहिले हाई औषध कोनले दिधं?"

"बऱ्याच बायकांना दिलंय."

"म्हैस लेतस ते पहिले धार काढी देखतस. मन्हा अंगमा टाकतस ते माले एक बाई दखाडा. ज्या बाईले हाई दिधं, ती."

"आता डॉक्टरबाईसमोर म्हैस काढली," अभिमन पुटपुटला.

पण डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "बरोबर बोललात. मुंबईत हे आम्हाला कोणी विचारत नाही." त्या थोडं थांबल्या. "इथंच पिंप्राळ्याला शहनाज आहे, पिंजाऱ्याच्या घरची. तिनंच सांगून ठेवलंय, कोणी घाबरली तर माझ्याकडे पाठवा. भेटून या. मी संध्याकाळपर्यंत आहे. पण प्रमिलाबाई, विचार करा, उशीर करू नका."

रिक्षानं ते पिंप्राळ्याला गेले. घराच्या पुढच्या खोलीत गाद्यांचं दुकान होतं, आणि मागच्या खोलीत शहनाज रजईला टाके घालत बसली होती. पस्तिशीची बाई. डोक्यावर पोरासारखे आखूड केस, त्यात कापसाचे तंतू. डॉक्टरबाईंचं नाव ऐकताच तिनं सुई रजईत खोचली.

"भाऊ, तुम्ही बाहेर बसा. गादीवर झोपा पाहिजे तर, भाडं नाही घेणार," तिनं अभिमनला घालवलं आणि पडदा ओढला. मुसलमानाघरी पाणी पिऊ नये, असं भिकुबाईनं जन्मभर ऐकलं होतं. ती दोन पेले पाणी प्यायली. घसा कोरडा पडला होता, आणि जन्मभर ऐकलेल्या बऱ्याच गोष्टींवरचा तिचा विश्वास त्या दिवशी उडाला होता.

"विचार बहेन, काय विचारायचं ते," शहनाज म्हणाली.

प्रमिलाला विचारता येईना. शहनाजनंच मग बटणं काढली, आतल्या कापडातून कापसाची गोल उशी काढली आणि भिकुबाईच्या मांडीवर टाकली. "धरा अम्मा. घरचा धंदाच कापसाचा. अल्लानं एक घेतली, नवऱ्यानं पिंजून दिली. जुनी झाली की नवीन भरते. तुमची ओरिजनल कधी बदलता येते का?"

भिकुबाईला हसावं की रडावं कळेना. तिच्या हातात ती उशी अजून कोमट होती.

"हात लाऊ का?" प्रमिलानं विचारलं.

"लाव ना."

प्रमिलानं बोटं टेकवली. काखेपासून खाली एक लांब, तिरका, गुळगुळीत व्रण होता. ती बोट फिरवत राहिली, तापलेल्या पोराच्या अंगावरून फिरवावं तसं. शहनाजनं दुसरीकडे मान केली आणि तिला हवं तेवढं फिरवू दिलं.

"दुखत नाही. हात वर केला की ओढ बसते," ती मग म्हणाली. "औषधाचं सांगू? उलट्या होतात. पोटात काही नसलं तरी होतात. तोंडाला गंजलेल्या खिळ्याची चव येते. केस कमरेपर्यंत होते माझे, मुठी-मुठीनं हातात आले. मग नवऱ्यानंच वस्तरा फिरवला. तो रडत होता, मीच त्याला म्हटलं, कान कापशील, नीट बघ. पण गाठ लिंबाएवढी होती ती सुपारीएवढी झाली. मग कापली."

भिकुबाईचा चेहरा खुलला. तेवढ्यात शहनाज म्हणाली, "माझ्या शेजारच्या खाटेवर चोपड्याकडची एक बाई होती. हेच औषध, हीच डॉक्टरबाई. ती नाही राहिली. हे पण सांगते. नंतर म्हणशील, शहनाजनं फसवलं."

असलं अभद्र पोरीसमोर कशाला, हे भिकुबाईच्या अगदी ओठावर आलं. तिनं प्रमिलाकडे पाहिलं. प्रमिलाला ऐकायचं होतं. भिकुबाईनं ओठ मिटले आणि कापसाची उशी दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली. रांगेतल्या भांडणाहून हे काम अवघड होतं.

"तुम्ही कशा वाचल्या?" प्रमिलानं विचारलं.

"मला काय माहीत बहेन? डॉक्टरबाईला पण माहीत नाही. माहीत नाही म्हणून तर शोधतायत. आणि वाचले असं अजून म्हणत नाही मी. तपासायला जावं लागतं. आज आहे, एवढं खरं."

बेबी कुरकुरायला लागली. प्रमिलानं तिला उजवीकडे घेतलं. खोलीत पोरीच्या घोटांचा आवाज आणि बाहेर रस्त्यावरचे स्कूटरचे हॉर्न, एवढंच ऐकू येत होतं. शहनाजनं सुई उचलली. भिकुबाई पडद्याकडे पाठ करून, दार अडवून बसली. एकदा अभिमननं बाहेरून खाकरून पाहिलं, तर तिनं मागं न बघता हातानंच गप्प केलं.

पोर पुष्कळ वेळ पीत राहिली. प्रमिलाही घाई करत नव्हती. तिनं पोरीच्या कपाळावरचा घाम पुसला, कानामागचा मळ काढला, चिमुकली मूठ उघडून पुन्हा मिटली. आसवं गळाली ती पोरीच्या झबल्यावर. तिनं ती पुसली नाहीत.

"मी जासू," ती म्हणाली. "आज पोरले पोटभर पाजस. सकायना गाडीवर मुंबईले निंघू."

"मी शे ना बेबीले सांभायाले," भिकुबाई घाईनं म्हणाली. "तू काही—" आणि तिनं स्वतःच स्वतःला थांबवलं. मग चाचरत, नवी भाषा शिकावी तसं विचारलं, "तुले काय वाटस, पमे? मी काय करू?"

"तुम्ही मन्हासंगे चाला, आत्याबाई. तठे भांडाले मानूस लागी." प्रमिलाच्या ओठांवर बऱ्याच दिवसांनी हसू आलं. "पन तोंड उघाडाना पहिले माले इचारा."

"इचारसू वं माय," भिकुबाई म्हणाली आणि सुनेचं डोकं छातीशी ओढून घेतलं. मधे सापडलेली बेबी चिडून ओरडली.

पडद्याबाहेरून अभिमनचा आवाज आला, "माय, काय ठरनं?"

"तिलेच इचार."

सासूसमोर नवऱ्याशी सरळ बोलायची त्यांच्या घरात रीत नव्हती. प्रमिला उठली, पडदा सारला आणि पोरीला त्याच्या हातात दिली. "आत्याबाई मन्हासंगे येतस. बेबी तुमनाजोडे ऱ्हाई. वाटी-चमचानी पाजानं शिकी ल्या."

"मी? आन् कापूस?"

"कापूस रडत नाही भाऊ," आतून शहनाज म्हणाली. ती वाटीत कोमट दूध आणि बारीक चमचा घेऊन आली. "बसा खाली. मांडी घाला. डोकं वर धरा तिचं. अहो, वर! बोकडाला पाजताय का?"

अभिमन गाद्यांच्या ढिगाला टेकून बसला. पोरीचं पोट भरलेलं होतं. तिनं पहिला चमचा जिभेनं बाहेर ढकलला, दुसरा त्याच्या पांढऱ्या शर्टावर थुंकला. भिकुबाईचा हात चमच्याकडे गेला, पण तिनं तो मागं घेतला. प्रमिला नवऱ्याशेजारी बसली, त्याच्या मनगटाखाली आपला हात दिला आणि म्हणाली,

"हयूहयू. थोडं थोडं."