कोऱ्या हौदातले मासे

सुंदरबाईंना एकच बोलणं झोंबायचं. धरणावरच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन रतिलाल आबा चारचौघांत म्हणायचे, "बचत गटना बायास्नं बीज नाजूक शे. धरणमा टाकं का मरी जास."

पिंपळनेरजवळच्या शेततळ्यात सुंदरबाई आणि गटातल्या आठ बाया दोन वर्षं खपून धरणात सोडायचं बीज म्हणून रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, वाढवत होत्या. पण धरणात मिसळल्यावर मासा कुणाचा, हे काय त्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं?

म्हणून कॉलेजातली हेमांगी संशोधनाला आली, तेव्हा सुंदरबाईंनी तिला सोडलंच नाही. एवढ्याशा माशाला खूण करायची कोणती रीत सोसते, ते तिला बघायचं होतं. चार हौद, प्रत्येकात शंभर बोटुकली. पहिल्यात एक पर कातरलेले. दुसऱ्यात पाठीत बारीक तारेची चिठ्ठी अडकवलेले. तिसऱ्यात डोळ्यामागे कातडीखाली सुईने नारिंगी रंग भरलेले. चौथ्यातले नुसते हातात धरून परत सोडलेले, कोरे. जी रीत महिनाभर शंभरातले नव्वद जगवेल, ती खूण करून गटाचे मासे धरणात सोडायचे. एकही तगली नाही, तर आबांचंच बोलणं खरं.

आठव्या दिवशी चारही हौदांवर पांढरी पोटं तरंगली. आबा मुद्दाम बघायला आले. "सुंदरबाई, मी काय सांगेल व्हतं?"

हेमांगीचा चेहरा पडला. सुंदरबाई मेलेले मासे मोजत एकेका हौदावरून गेल्या आणि कोऱ्या हौदाशी थबकल्या. तिथेही चाळीस गेलेले.

"पोरी, यास्ले ना सुई लागनी, ना कातर. मंग ह्या का बरं मरनात?"

"म्हणजे दोष खुणेचा नाही," हेमांगी चाचरत म्हणाली. "हाताळण्यातच काहीतरी चुकलं."

हाताळलं होतं बायांनी. कॉलेजचं काम, मॅडमचे कागद भिजायला नकोत, साबणाने हात धुवा, दर माशागणिक ते पदराला पुसून कोरडे करा, असा दम सुंदरबाईंनीच भरला होता. एरवी तळ्यात हात बुडवल्याशिवाय मासा न धरणाऱ्या बाया त्या दिवशी अगदी दवाखान्यातल्यासारख्या वागल्या. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा सडतो, हे सुंदरबाईंना लहानपणापासून ठाऊक. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? आबांसमोर लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी बोलल्या, "चूक मनी शे. हात कोरडा कराले मीच सांगेल व्हतं."

आबा हसत निघून गेले. हेमांगीने मात्र पुन्हा चारशे बोटुकली मागितली. या खेपेला साबण नाही, हात ओले, आणि दहा मोजायच्या आत मासा परत पाण्यात.

महिन्याने मोजणी झाली. कोरे अठ्ठ्याण्णव. पर कातरलेले पंच्याण्णव, पण पर पुन्हा फुटू लागलेला, खूण पुसणारच. तारवाले एकाहत्तर, अंगावर जखमा. नारिंगी सत्त्याण्णव! सुंदरबाईंनी तीनदा मोजले, तिन्ही वेळा सत्त्याण्णव. बायांनी असा गलका केला की शेजारच्या शेतातले लोक धावत आले. मग दोन हजार नारिंगी बोटुकली धरणात गेली, आणि सोसायटीने बाहेरून आणलेली तितकीच कोरीही.

दहा महिन्यांनी आबांचा निरोप आला. सुंदरबाई आणि हेमांगी काठावर पोहोचल्या तेव्हा जाळं नुकतंच ओढलेलं होतं, किलोकिलोचे रोहू उसळत होते. सोसायटीची सगळी माणसं गोळा झालेली. आबांनी एक मासा उन्हात धरला, डोळ्यामागे निरखून पाहिलं. नारिंगी रेघ. दुसरा घेतला, रेघ. तिसरा कोरा, बाहेरून आणलेल्या बीजाचा. मग पुन्हा रेघ. तेवीस माशांत सोळा नारिंगी निघाले.

शेवटचा मासा आबांनी सर्वांदेखत सुंदरबाईंच्या हातात दिला. "मी खोटा पडनू, अक्का. औंदा कितलं बीज दिशात?"

त्या बोटाएवढ्या जिवाचा हा गडी झालेला, दोन्ही हातांत मावेना. सुंदरबाईंचे डोळे भरून आले आणि त्या मोठ्याने हसल्या.

"जितलं धरणमा मावी, तितलं!"