चार इंचांचं दार

डेल्बर्टच्या खिशातलं ते चुंबक एक दिवस मी त्यालाच गिळायला लावणार आहे.

गेली पन्नास वर्षं हा माणूस बेकर्सफील्डच्या प्रत्येक गाडीमेळ्यात ते घेऊन फिरतोय. कुणी नवी हॉट रॉड, म्हणजे जुन्या घाटाची घरी बांधलेली वेगवान गाडी, आणली, की चुंबक दाराला लावायचं. चिकटलं तर पत्रा, पडलं तर फायबर. पडलं की, "बाथरूममधला टब आणलाय रे!" म्हणून खिदळायचं. त्याच्या जोडीने खिदळणारा दुसरा माणूस म्हणजे माझा बाप, हार्लन.

दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून डावा पाय गुडघ्यात वाकत नाही. एकच इच्छा उरलीय. ऑक्टोबरात सुकलेल्या तळ्यावर गाड्या पळतात, तिथे एकोणीसशे बत्तीस सालच्या फोर्डचं स्टिअरिंग स्वतःच्या हातात धरायचं. चेसिस मी वेल्ड केली, इंजिन मी बसवलं, क्लच नको म्हणून गिअरही आपोआप बदलणारे घातले. राहिली बॉडी. खऱ्या पत्र्याची बॉडी ज्याच्याकडे आहे तो मेल्याशिवाय सोडत नाही. बाबांकडून फायबरला हो म्हणवून घेण्यातच माझे तीन महिने गेले.

जूनमध्ये आम्ही फायबरच्या बॉड्या बनवणाऱ्या लाइलच्या कारखान्यात गेलो. डेल्बर्ट न बोलावता आला होता. लाइलने दोन बॉड्या लाकडी घोड्यांवर चढवून ठेवल्या होत्या. एक हुबेहूब मूळ मापाची. दुसरी बाहेरून तेवढीच, पण दार मागच्या बाजूने चार इंच लांब. मी दोन्ही बॉड्या बोटांनी ठोकून पाहिल्या, आत वाकून फायबरचे थर आणि लोखंडी सांगाडा तपासला. खोट काढायला जागा नव्हती.

"बसून बघा, हार्लनकाका," लाइल म्हणाला आणि त्याने आत खोकं ठेवलं. आमच्यात रीतच आहे. खोक्यावर बसायचं, हातपाय पसरायचे, मगच बोलायचं.

"लांब दार?" डेल्बर्टने नाक मुरडलं. "म्हाताऱ्यांचं दार ते! रस्त्यापलीकडून ओळखू येतं."

"पहिली दे," बाबा म्हणाले.

"बाबा, आधी बसा तरी."

"तुझ्या जन्माआधीपासून बसतोय मी असल्या गाडीत. मला शिकवू नकोस!"

आणि मी गप्प बसले. काखेत हात घालून त्यांना आत उतरवावं लागलं असतं, तेही डेल्बर्टसमोर. मला त्यांची दया आली. त्या दयेचा मला आजही राग येतो.

सप्टेंबरच्या एका शनिवारी सकाळी बॉडी चेसिसवर घट्ट बसली. डेल्बर्ट डोनट आणि चुंबक घेऊन हजर. मी बाबांना धरून सीटवर टेकवलं. उजवा पाय गेला. डावा दाराच्या पुढच्या खांबाला अडला; मागे सरकायला दारात जागाच नव्हती. तिरका केला, अडला. वर उचलला, तेव्हा ते कळवळले.

"थोडा वाकव ना पाय," डेल्बर्ट म्हणाला.

"तुमची जीभ वाकते का बघा आधी!" मी ओरडले.

बाबा कसेबसे उतरले आणि भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसले. "झाकून ठेव. देऊन टाक कुणाला तरी."

माझं डोकंच फिरलं. तीन महिने मनधरणी, पूर्ण उन्हाळा घाम, आणि आता देऊन टाक! मी दाराच्या मागे चार इंचांवर चिकटपट्टी लावली आणि कटर उचललं.

"नोरीन! नवी कोरी बॉडी आहे ती!"

"कोरी आहे, देव्हाऱ्यातली नाही! फायबर आहे, बाबा. कापता येतं, जोडता येतं. लाइल लांब दार पाठवेल, मधलं मी भरीन. ज्याला तुम्ही दोघं जन्मभर टब म्हणत आलात ना, तोच तुमच्यासाठी सरकायला तयार आहे. सरकत नाही आहात ते तुम्ही!" मग मी डेल्बर्टकडे वळले. "आणि तुम्ही काय बघताय? ते चुंबक ठेवा आणि दार धरा."

त्याने चुंबक आणि डोनटचा डबा खाली ठेवला आणि दार धरलं.

"थांब," बाबा म्हणाले.

"नाही थांबणार."

"थांब म्हणतो ना! तोंडाला मास्क लाव आधी. ती धूळ छातीत गेली की निघत नाही."

काठी टेकत ते आले. माझी चिकटपट्टी ओढून काढली आणि स्वतः लावू लागले. मी मोजपट्टी धरून मोजलं. पाच इंच भरले.

"चार पुरतील, बाबा."

"पाच काप," ते म्हणाले. "दिसू दे रस्त्यापलीकडून."

मी मास्क चढवला आणि कटर सुरू केलं.