अक्षतांनी अडलेला पंखा

मी एक जुना पंखा आहे. छताकडे बघू नका, मित्रांनो, मी तिथे नाही. मी बशीएवढा आहे आणि कॉम्प्युटरच्या पोटात, ग्राफिक्स कार्डाच्या अंगावर बसवलेला आहे. पडद्यावर जे चित्र हलतं, ते हे कार्ड काढतं. काढता काढता ते तापतं, आणि त्याला वारा घालणं हा माझा जन्माचा धंदा. वारा थांबला की चित्र बिघडतं. एवढी साधी गोष्ट त्या घरात कुणालाच माहीत नव्हती.

माझी पाती कुठल्या कारखान्यात बसवली, ते मला आठवत नाही. मी कामाला लागलो तो खांदा कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर. घर कीर्तीचं आणि तिच्या आईचं, जनीबाईचं. माणसं मूळची उरणकडची, कोळी. कीर्ती घरबसल्या लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर बनवते. नवा होतो तेव्हा माझं केवढं कौतुक! "हवा घालतो, पन आवाज नाय याचा," असं जनीबाई शेजारणींना सांगायची. पुढे सवय झाली आणि मी आहे हेच सगळे विसरले. चालणाऱ्या वस्तूची आठवण कोण ठेवतं?

कीर्तीचे वडील बुधाजी दोन पावसाळ्यांपूर्वी वारले. त्यांचा आवाज जगात एकाच जागी उरला होता, आमच्या कॉम्प्युटरमधल्या एका छोट्या व्हिडिओत. दारात बसून जाळं शिवताहेत आणि चहावरून बायकोची थट्टा करताहेत, हसताहेत-खोकताहेत, एवढंच त्यात. ज्या मोबाइलनं तो काढला, तो खाडीत पडून केव्हाच निकामी झाला होता. आईला सहज सापडावा म्हणून कीर्तीनं तो व्हिडिओ पडद्यावर अगदी समोरच ठेवला होता. दुपारची भांडी आवरली की जनीबाई येऊन तो लावायची. मी आत असलो तरी मला सगळं ऐकू येतं. तो आवाज मी रोज ऐकला आणि मला तो आवडायचा.

मग दसरा आला. बुधाजी होते तेव्हा या घरात होडीच्या इंजिनाची पूजा व्हायची. होडी विकली गेली. आता घर चालवणारं यंत्र म्हणजे कॉम्प्युटर, म्हणून जनीबाईनं त्याचीच पूजा मांडली. कॅबिनेट टेबलाखाली आडवं ठेवलेलं, वरच्या अंगाला जाळी. तिनं हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभर, अगदी मनापासून टाकल्या.

"आमाला संबाळ रं बाबा," ती म्हणाली.

इंजिनावरच्या अक्षता घरंगळून होडीच्या तळाला जायच्या, कुणाचं काही बिघडायचं नाही. इथे त्या जाळीतून थेट माझ्यावर आल्या. काही दाणे माझ्या पात्यांच्या आणि कडेच्या फटीत बसले. ओले होते, वाळून घट्ट झाले. मी कुरकुरू लागलो.

"उंदीर शिरला का गो?" जनीबाईनं विचारलं.

"जुना झालाय आई, वाजणारच," असं म्हणत कीर्तीनं हेडफोन कानाला लावला. काही दिवसांनी मी थांबलो. तिला वाटलं, बरं झालं, आवाज गेला. मला मात्र भीती वाटू लागली होती.

आधी व्हिडिओ अडखळू लागला. मग एका दुपारी बुधाजींच्या चेहऱ्यावर हिरव्या रेघा उमटल्या आणि बोलणं अर्ध्यावर तुटलं.

"तुज्या बापाच्या तोंडावर ह्या कसल्या रेघा गो?" जनीबाईनं पदरानं पडदा पुसत विचारलं.

कीर्तीनं व्हिडिओ दाखवणारा प्लेअर बदलला. मग कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, नवा टाकला. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर बंद करून चालू केला की थोडा वेळ सारं ठीक चालायचं, कारण तेवढ्यात कार्ड निवलेलं असायचं. पोरीला वाटायचं, जमलं! की पुन्हा रेघा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असला प्रकार. आत जळका वास साचत होता, आणि झाकण उघडायचं कुणाच्या मनातही येत नव्हतं.

शेवटी तिनं चुलतभावाला, प्रितमला बोलावलं. तो जासईला कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो, म्हणून घराण्यात त्याचा शब्द शेवटचा. त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि निकाल दिला, "व्हायरस आहे. फॉर्मॅट मारू, सगळं नव्यानं टाकू."

"आनि त्यांचा व्हिडिओ? बुडनार तर नाय ना रं?"

"नाय काकी. सी ड्राइव्ह तेवढा पुसायचा. फोटो-व्हिडिओ डीला असतात, त्याला काय होत नाय."

कीर्तीनंही मान डोलावली. तिचं सगळं काम डी ड्राइव्हमध्येच होतं. पण पडद्यावर समोर ठेवलेली वस्तू सी ड्राइव्हमध्ये असते, हे त्या घाईत दोघांनाही सुचलं नाही. मी जीव खाऊन फिरायला बघितलं. पाती थरथरली, सरकली नाहीत. प्रितमनं बटण दाबलं.

पडदा स्वच्छ निळा झाला. जनीबाई खुशीत चहा टाकायला गेली. चहा उकळेपर्यंत त्या कोऱ्या निळ्यावर खालून वर हिरव्या रेघा चढू लागल्या.

तेव्हा कुठे झाकण उघडलं. कीर्तीनं माझ्यात अडकलेले लाल दाणे पाहिले आणि तिला सारं कळलं. तिनं ते नखानं काढून मुठीत घट्ट धरले.

"काय व्हतं गो?" स्वयंपाकघरातून विचारणा झाली.

"धूळ होती, आई."

मग ती व्हिडिओ शोधू लागली. डी ड्राइव्ह दोनदा धुंडाळला, प्रितमनंही धुंडाळला. व्हिडिओ कुठेच नव्हता. आई चहा घेऊन आली तेव्हा कीर्ती फरशीवर बसली होती.

"बाबांचा व्हिडिओ गेला. माझ्या हातून गेला, आई," ती म्हणाली. मूठ तिनं उघडली नाही.

मित्रांनो, यंत्र कुरकुरलं की ते काहीतरी सांगत असतं. आधी त्याचं झाकण उघडा, मग बटणं दाबा. आणि जो आवाज पुन्हा मिळणार नाही, तो एकाच जागी ठेवू नका. मी आता साफ आहे, छान फिरतो. पण काल दुपारी जनीबाई सवयीनं कॉम्प्युटरपुढे येऊन बसली आणि तिनं विचारलं, "कीर्ते, तुजा बापूस हसायच्या आदी खोकायचा का नंतर गो?"

कीर्तीला आठवेना. मला माहीत होतं. ते आधी खोकायचे, मग हसायचे. पण मला फक्त फिरता येतं.