धावजी कोणाचा भाऊ

"आधी पोरीले तिच्या घरची नावं विचार, पुष्पा. मंग सूर दे. उलटं करू नको."

माझ्या सासूबाई, रुपीबाई, शेवटच्या आजारात हे सांगून गेल्या. मी त्यांच्या पायाला हात लावून हो म्हटलं. नंतर दोन वर्षं एकाही मुलीला शिकवलं नाही. कोणी विचारायला आलं नाही, आणि न बोलावता जायचा माझा स्वभाव नाही.

आमच्या बंजाऱ्यांच्या तांड्यात नवरी सासरी निघताना ढावलो म्हणते. एकेकाच्या गळ्यात पडून, रडत, पण सुरात. बापाला वेगळा, भावाला वेगळा, दारातल्या बैलालासुद्धा. सूर सगळ्याजणींचा एकच, आतली माणसं मात्र ज्या त्या नवरीची. सासूबाई आसपासच्या चार तांड्यांतल्या मुलींना शिकवायच्या. महिनाभर आधीपासून मुलगी दुपारची यायची आणि पहिले आठ दिवस गाणं नाहीच. नुसत्या गप्पा. भाऊ कशावरून भांडला, आईनं कधी मारलं, विहिरीवर कोण सोबत यायचं. मुलगी बोलता बोलता रडली की त्या म्हणायच्या, आता सूर घे.

त्या गेल्या, त्याच्या आधीच्या हिवाळ्यात माझी मुलगी राखी पुसदहून सुट्टीत आली होती. चुलीपाशी बसवून तिनं आजीला आजीच्याच लग्नातला ढावलो म्हणायला लावला आणि मोबाईलवर घेतला. साठ वर्षांपूर्वीचं रडणं, पण एक शब्द चुकला नाही. त्यात धावजी वीरा आला; वीरा म्हणजे भाऊ. धावजी त्यांचा धाकटा भाऊ. त्यांच्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी पुरात वाहून गेला. गाता गाता धूर लागून त्या खोकल्या, आणि तिथूनच पुढे गात राहिल्या.

राखीनं ते इंटरनेटवर टाकलं. तेलंगणातल्या, कर्नाटकातल्या तांड्यांमधल्या मुली त्या आवाजावर रील करू लागल्या. कोणी त्याखाली डीजेचा ठोका भरला. एका साडीच्या दुकानानं लग्नाच्या बस्त्याच्या जाहिरातीला तोच आवाज लावला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. ज्या बाईचा आवाज चार तांड्यांपलीकडे गेला नाही, तो लाखो लोक ऐकत होते. एकदा ढाणकीच्या बाजारात मी मिरच्या निवडत होते आणि बाजूच्या दुकानातून सासूबाई रडायला लागल्या. माझा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे गेला. मिरचीवाली म्हणाली, ऊन लागून राह्यलं का बाई? मी हो म्हटलं.

माझे चुलत दीर देवसिंगभाऊ यांच्या अंजूचं लग्न ठरलं, तेव्हा तिच्या आईनं मला शिकवायला सांगितलं होतं. अंजू म्हणाली, कायले काकीले त्रास, मले मोबाईलवरून पूर्ण येते. मला बरंच वाटलं. आपलं काम कोणीतरी करून टाकलं असं वाटलं.

लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा दुपारी बायका त्यांच्या अंगणात जमल्या. म्हणून दाखव म्हणाल्या. अंजूनं भावाला, संजयला, ओढून आणलं आणि त्याच्या गळ्यात हात टाकून सुरुवात केली. आवाज गोड. सूर तर असा जागच्या जागी, की माझ्या अंगावर काटा आला. मग मध्येच ती खोकली. बरोब्बर त्याच जागी, तेवढंच. तिला वाटत होतं ते गाण्यातलंच आहे. बायका डोळे पुसत होत्या, कोणाच्या लक्षात आलं नाही.

संजय वाकून उभा होता, आपल्या नावाची वाट बघत. अंजू हुंदके देत धावजी वीरा, धावजी वीरा म्हणत राहिली, आणि ढावलो संपला.

"हा धावजी कोण व्हय?" संजय म्हणाला. "तीन वर्षं कॉलेजला गाडीवर मी नेलं, अन् रडते दुसऱ्याच्या भावासाठी."

सगळे हसले. तोही हसला. मग मांडवाचे बांबू पाहून येतो म्हणून गेला, तो जेवायलाही आला नाही.

अंजूचा चेहरा उतरला होता. भांडी घासताना माझ्या बाजूला येऊन बसली.

"काकी, मंग माझं कोणतं?"

मी म्हटलं, "तुझं अजून झालंच नाही, बाई." आणि ते म्हणताना मलाच माझी लाज वाटली. मोबाईलनं त्याच्याजवळ होतं ते दिलं होतं. जे त्याच्याजवळ नव्हतं ते द्यायला हो मी म्हटलं होतं, मोबाईलनं नाही.

संध्याकाळी राखीला फोन करून सांगितलं. ती घाबरली. काढून टाकू का म्हणाली. माझ्या मनात आलं, कुठल्या कुठल्या गावच्या नवऱ्या धावजीसाठी रडत होत्या, आणि सासूबाईंच्या मागे त्याच्यासाठी रडणारं कोणीच उरलं नव्हतं.

"राहू दे," मी म्हटलं. "पण खाली लिहून टाक, ही नावं रुपीबाईच्या घरची. पोरींनो, आपापल्या घरची घाला."

"अन् खोकल्याचं?"

"तेही लिही." तेव्हा आम्ही दोघी हसलो.

जगदंबेपुढे दिवा लावेपर्यंत मी बोलत नाही आणि पाणी घेत नाही, हा माझा रोजचा नेम. दुसऱ्या दिवशी अंधारातच आंघोळ केली, दिवा लावला, हात जोडले. दिवस तीनच होते. सासूबाईंना शिकवायला महिना लागायचा. गाडीवरच्या तीन वर्षांत भाऊबहीण काय काय बोलले असतील, रस्त्यात कुठं थांबले असतील, कधी पडले असतील, ते आधी विचारायचं होतं. पाण्याचा घोट घेतला, चप्पल घातली आणि देवसिंगभाऊंच्या घराकडे निघाले.