सिनेमा न पाहिलेला पडदा

मी एक पडदा आहे, सिनेमाचा. तुम्ही माझ्यासमोर तासन्‌तास बसला असाल, पण माझ्याकडे कधी पाहिलं नसेल. तुमचं लक्ष माझ्यावर चाललेल्या गोष्टीत. त्याचा मला राग नाही, कारण माझीही एक गंमत आहे. आजवर चाळीसेक सिनेमे माझ्या अंगावरून गेले आणि मी त्यातला एकही पाहिलेला नाही. माझं तोंड तुमच्याकडे असतं. मी पाहतो ती माणसं.

माझा जन्म मोहाडीचा. बाबूलाल कोष्टी यांच्या हातमागावर मी विणला गेलो. एवढा रुंद पडदा मागावर सलग निघत नाही, म्हणून तीन पट्टे विणले आणि त्यांच्या पत्नी शेवंताबाईंनी ते जोडून शिवले. त्यातली एक शिवण बरोबर नायिकेच्या नाकावर येते. "बिचारीच्या नाकाले टाके पडले वाट्टे," हे वाक्य मी गावोगाव ऐकलं आहे.

मला विणून घेतलं त्यांच्या नातीनं, रेणूनं. ती आठवीपासून पुण्याला शिकली आणि शिक्षण संपताच परत आली. सिनेमा शहरातच का राहावा, असं तिचं म्हणणं. माणसं एकत्र बसून हसली की एकत्र बसून बोलतीलसुद्धा, असा तिचा ठाम विश्वास. आजोबा मागावरचा धोटा फेकता फेकता म्हणाले, "बोलतीन वो बाई. पन आयकन कोन?" तरी त्यांनी मला मन लावून विणलं. माझ्यात एकही धागा सैल नाही.

तेव्हापासून रेणू मला स्कूटीला बांधून गावोगाव फिरते. सिनेमा संपला की ती दिवे लावते आणि म्हणते, "आता चर्चा!" हे ऐकताच लोक चपला शोधू लागतात. चपला शोधणाऱ्या माणसांची इतकी तोंडं मी पाहिली आहेत, की चेहऱ्यावरून चप्पल ओळखू शकेन.

पण आंबागडच्या मंडईत वेगळं घडलं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते. दिवसा दुकानं आणि दंडारीचा नाच, रात्री नाटक आणि घरोघरी पाहुणे. नव्या सोयरिकीची माणसं तर हटकून येतात. त्या वर्षी धनीराम आणि गोदावरीबाईंच्या घरी होणारा जावई आला होता. त्याचं नाव निकेश. लाखनीला त्याचं टायरचं दुकान. धनीरामच्या टीनाशी त्याचं साक्षगंध झालेलं होतं आणि लग्न माघात होतं. सोबत त्याचे मामा यादोराव होते. नवरदेवाकडचा सगळा कारभार त्यांच्या हातात.

दुपारी शाळेच्या मोठ्या खोलीत रेणूनं खिडक्यांना चादरी लावून अंधार केला. मला बांधायला टीना आली होती. दोरीला गाठ मारता मारता ती हळूच बोलली. भंडाऱ्याला नर्सिंगचं तिचं शेवटचं वर्ष होतं. परीक्षा उन्हाळ्यात. माघात लग्न झालं की कॉलेज सुटलंच.

"मग सांग ना घरी!" रेणू म्हणाली.

"कोनाले सांगू ताई? बाबा म्हणतात, आईले सांग. आई म्हणते, पाहुन्यायले इचारा लागन. आन पाहुने म्हणतात, तारीख निघाली."

"हक्कानं बोल! आवाज उठव!"

रेणूचे सगळे सल्ले उद्गारचिन्हासकट येतात. टीनानं गाठ आवळली आणि बायकांमध्ये जाऊन बसली.

सिनेमा रेणूच्या पुण्यातल्या मित्रांनी केलेला होता. गावाला तो कसा वाटतो, हे त्यांना हवं होतं. गोष्ट साधी. लग्नाला सहा आठवडे उरलेत, हॉल ठरला, साड्या झाल्या आणि नवरानवरीला एका म्हाताऱ्या जोडप्याकडे लग्नाच्या तयारीचा वर्ग लावला जातो. तिथे प्रश्न विचारतात, दोघं भांडतात, लोक हसतात. हे सगळं मी ऐकूनच सांगतोय.

लोकांची मतं पहिल्या पाच मिनिटांतच सुरू झाली. गावाला नाटकाची सवय. गप्प बसून पाहणं म्हणजे कलाकाराचा अपमान.

"पोरगी लई बोलते," गोदावरीबाई म्हणाल्या. "लगनाआधीच सारं बोलून टाकलं तं मंग काय बोलन?"

"आन नवरदेवाले मामा नाही?" खुर्चीवरून यादोराव म्हणाले. "मामाबिगर लगन जमलं कसं?"

"हॉल पाहून रायले, साडी पाहून रायले," कुंताबाई म्हणाल्या. त्या टीनाच्या शेजारीण. "पन जेवनात काय हाय, थे सांगूनच नाही रायले!"

मग तो प्रश्न आला. वर्गातली म्हातारी नवऱ्या मुलाला विचारते, "हिला कशाची भीती वाटते, सांग बरं?" आणि माझ्या अंगावरचा तो नायक गप्प झाला. बराच वेळ गप्प.

खोलीला वाटलं, हा वाक्य विसरला. नाटकात नट अडखळला, की पुढचे लोक त्याला वाक्य पुरवतात. तसंच सुरू झालं.

"पालीची म्हन रे!"

"सासूची म्हन, सासूची!"

पुढच्या खुर्चीत निकेश रंगून गेला होता. तो मोठ्यानं म्हणाला, "अरे, तो काय सांगन? त्यानं कधी इचारलंच नाही तिले!"

तेवढ्यात बायकांतून कुंताबाईंचा आवाज आला, "आन तुमी इचारलं का, जवाईबापू?"

खोली खळखळून हसली. मग हसणं हळूहळू विरलं, कारण निकेश हसत नव्हता. तो खुर्चीत मागे वळला. त्याच्या मागोमाग सगळी माणसं वळली. माझ्यासमोर नुसत्या पाठी आणि त्यांच्यापलीकडे टीनाचा चेहरा. त्यावर माझाच उजेड पडला होता.

"नाही इचारलं," निकेश म्हणाला. "आता इचारतो. टीना, तुले कशाची भीती वाटते?"

टीना उठली. ओढणीचं टोक तिनं दोनदा बोटाला गुंडाळलं, दोनदा सोडलं.

"लगनाची नाही वाटत," ती म्हणाली. "कॉलेज सुटन, याची वाटते. शेवटचं वर्ष हाय. माघात लगन झालं तं परीक्षा कोन देऊ देन मले?"

"भर सभेत असं बोलते का पोरगी?" यादोराव म्हणाले. "तारीख निघाली. बँडवाला ठरला."

"मामाजी, बँडवाला आपल्याच गावचा हाय. त्याले मी सांगतो."

"आन लोकायले? लोकायले कोन सांगन?"

तेव्हा गोदावरीबाई उठल्या. पोरगी फार बोलते म्हणणाऱ्या त्याच. पदर सावरून त्या यादोरावांना म्हणाल्या, "पाहुने, तुमी लाखनीचे धानवाले, तुमाले मी काय सांगू? हलका धान दिवाळीतच कापून मोकळा होते. पन भारी धानाले थांबा लागते. दाना भरल्याबिगर कोनी इळा लावते का? आमची टीना भारी धान हाय. तुमाले कापाची घाई असन, तं सांगा."

धनीरामनं मान खाली घातली होती. ती त्यानं वर केली आणि बायकोकडे असं पाहिलं, जणू साक्षगंध काल त्याचंच झालंय.

यादोरावांनी तोंडातली सुपारी गालात सरकवली. शेवटी म्हणाले, "मंग परीक्षेनंतरचा पहिला मुहूर्त पाहा. पन पास हो वो बाई. नाहीतं बँडवाल्याले मी काय तोंड दाखवू?"

मग जो गोंधळ झाला, त्यात सिनेमा कुणाच्याच लक्षात राहिला नाही. तो माझ्या अंगावर एकटाच चालत होता. त्या दोघांचं पुढे काय झालं, लग्न झालं की मोडलं, मला माहीत नाही आणि आंबागडलाही नाही.

रेणूनं सवयीनं दिवे लावले, वही उघडली आणि विचारलं, "तर मंडळी, शेवट कसा वाटला?"

"बेस झाला!" कुंताबाई म्हणाल्या. "असेच शेवट करत जा म्हना तुह्या पुन्यावाल्यायले."

रेणू काहीतरी सांगणार होती. मग तिनं खाली वाकून ते वाक्य तसंच लिहून घेतलं. त्या दिवशी कुणी चपला शोधल्या नाहीत.

आता मी पिवळा पडलो आहे. एका कोपऱ्याला दंडारीची काठी लागून भोक पडलंय. बरेच दिवस पेटीत असतो. लोक म्हणतात, सिनेमा आता हातातच आला. खरं आहे. पण हातातला सिनेमा पाहताना शेजारचा माणूस दिसत नाही, हे मी पेटीत पडल्यापडल्याही सांगू शकतो.

तेव्हा कधीतरी मला बोलवा. शाळेची खोली चालेल, सतरंजी चालेल. नायिकेच्या नाकाला नावं ठेवा, जेवण का दाखवलं नाही म्हणून भांडा. आणि मध्येच कुणाला काही विचारावंसं वाटलं, तर खुशाल माझ्याकडे पाठ करा. मला वाईट वाटणार नाही. समोरच्याचा चेहरा दिसेल एवढा उजेड मी धरून ठेवीन.